दुसरा फिल्टर

आमच्या अप्पांचा आवाज अख्ख्या रत्नागिरीला पाठ होता. गायक-बियक नव्हते ते. स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत बसून गाड्या पुकारायचे. "पाऽऽवसला जाणारी गाडी, फलाट नंबर दोनवर लागत आहे." त्यातला ‘पा’ एवढा लांब की दाभोळला निघालेल्या माणसालाही वाटावं, आपण पण पावसलाच जावं. आणि शेवटी ‘स’ माईकमध्ये बारीक शिट्टीसारखा वाजायचा.

मला नकला करायची खोड लहानपणापासून. मास्तरांची, शेजारच्या काकूंची, नळाला पाण्याआधी हवा येते तिची, कुणाला म्हणून सोडलं नाही. पण अप्पा म्हणजे माझा हुकमाचा एक्का. सातवीत असताना एकदा स्टँडच्या मुतारीमागे उभं राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून मी पावसची गाडी पुकारली, तर बाकावरच्या दोन म्हाताऱ्या गाठोडी उचलून चालायला लागल्या. गाडी नव्हतीच. अप्पा खिडकीतून उठून सरळ मुतारीमागे आले, माझा कान धरला आणि म्हणाले, "‘पा’ आखूड पडला. पुकारायचं तर नीट पुकार." असा आमचा बाप.

माझा मोठा भाऊ, दादा, बोटीवर. इंजिनरूममध्ये कामाला. मी कॉलेजात गेलो त्या वर्षी तो जपानहून आला, तर सगळ्यांचे भाऊ टेपरेकॉर्डर आणतात आणि आमच्या दादाने आणली एक राखाडी पत्र्याची पेटी. तिकडच्या जुन्या वाद्यांच्या दुकानात धूळ खात पडली होती म्हणे. बटण दाबलं की वाजणारे नवे कीबोर्ड आले होते, त्यामुळे हिला कोणी विचारत नव्हतं. पेटीला चार खण. एकेका खणात एकेक पट्टी बसवायची. पट्टीवर फिरवायच्या गोल खुंट्या आणि ओळीने भोकं. या पट्टीच्या भोकातून त्या पट्टीच्या भोकात वायर घातली की आवाज. एकेका पट्टीला मॉड्यूल म्हणायचं. पेटी एकाच आवाजाची नाही, तुम्ही जशा पट्ट्या निवडाल तशी होते.

आईने त्या वायरींचा गुंता बघितला आणि म्हणाली, "एवढ्या लांबून टेलिफोनची कचेरी उचलून आणलास होय रे?"

दादा मला म्हणाला, "तू तोंडाने करतोस ते हे वायरीने करतं. बघ तुझ्याच्याने होतं का. नाहीतर तांदूळ ठेवायला होईल."

तेव्हा पेटीत दोनच मॉड्यूल होते. एक ऑसिलेटर. त्याचं काम एकच सूर धरून बसणं. भुंग्याला कोंडून ठेवावं तसा घुंऽऽ करत बसतो, थकत नाही, श्वास घेत नाही. दुसरा अॅम्प्लिफायर, तो त्या सुराला उठवतो आणि बसवतो. हळू उठवला तर सनई, पटकन उठवून बसवला तर टिचकी. बाकीचे दोन खण रिकामे. आवाज बाहेर यायला रेडिओचा एक जुना स्पीकर जोडला. तिकडची वीज कमी दाबाची, म्हणून बाजारपेठेतल्या रेडिओवाल्या काकांनी एक ट्रान्सफॉर्मर गुंडाळून दिला. देताना दम दिला, "हा मधे न लावता प्लग घातलास तर भाजलेला बांगडा होईल बघ तुझ्या पेटीचा."

दादा परत बोटीवर गेला तेव्हा ठरलं, पुढचा मॉड्यूल कोणता ते मी पत्रातून कळवायचं, त्याला सापडला की तो सुट्टीवर येणाऱ्या कुणा गाववाल्या खलाशाच्या हाती पाठवणार. पत्र जायला महिना. दादाची बोट त्या बंदराला लागायला महिना-दीड महिना. मग पार्सल कुणाच्या ट्रंकेत कपड्यांत गुंडाळून यायचं. म्हणजे चूक केली की चार-पाच महिने ती चूक घेऊन बसायचं.

मी पहिला मागवला नॉइज. नुसता स्सऽऽ. आमच्या कॉलेजच्या नाटकात समुद्र हवा होता ना! तोवर विंगेत उभा राहून मीच तोंडाने समुद्र करायचो, आणि तिसऱ्या अंकापर्यंत समुद्राला कोरड पडायची. नॉइज आला, अॅम्प्लिफायरमधून हळू उठवला, हळू बसवला, काय लाट आली! अप्पा दारात उभे राहून ऐकत होते. "समुद्र बरा आहे," म्हणाले. "पण भरती आहे की ओहोटी?"

मी म्हटलं, "अप्पा, कॉलेजचा समुद्र आहे. त्याला एवढं कळत नाही."

ते हसले. मोठ्याने हसायचे ते, माईकवर हसल्यासारखे. ते हसू मला अजून जसंच्या तसं करता येतं. करत नाही.

त्यांचा घसा बसला तो आंब्याच्या मोसमात. स्टँडवर चाकरमान्यांची गर्दी, दिवसभर पुकारून बसला असेल म्हणून आम्ही मीठ-पाण्याच्या गुळण्या केल्या. मी तर त्या बसलेल्या आवाजाचीही नक्कल करून दाखवली, अप्पाच म्हणाले दाखव म्हणून. गणपती आले, गेले, घसा बसलेलाच. मग मिरजेला नेलं. डॉक्टरांनी विड्या किती ओढता विचारलं, आणि नंतर आईला बाहेर बोलावून घेतलं. गळ्यातली आवाजाची पेटी काढावी लागली. जीव वाचला. गळ्याला खाली एक भोक राहिलं, श्वास त्यातून. त्यावर आई मलमलचा तुकडा बांधायची.

तोंड शाबूत होतं. जीभ, दात, ओठ, सगळं. ते बोलायचे पण. ओठ हलायचे, जीभ हलायची, फक्त आवाज नसायचा. दूरदर्शनवर खरखर येऊन आवाज गेला की बातम्या देणारी बाई दिसते ना, तसं. डॉक्टरांनी एक शिकवलं होतं, हवा गिळायची आणि ढेकरीवर बोलायचं. अप्पांनी आठ दिवस करून बघितलं. एकदा ढेकरीवर त्यांनी आईला हाक मारली आणि त्यांना स्वतःलाच एवढी लाज वाटली की पुन्हा केलं नाही. चारचौघांत ढेकर द्यायची नाही हे आम्हाला त्यांनीच शिकवलेलं.

मग मी त्यांचा आवाज झालो. कुणी ठरवलं नाही, होत गेलं. ते ओठ हलवायचे, मी शेजारी बसून त्यांच्या आवाजात बोलायचो. ओठ वाचायला मला शिकावं लागलं नाही, आयुष्यभर माणसांची तोंडंच बघत आलो होतो. "चहा टाक गो," ओठ त्यांचे, आवाज माझा, म्हणजे त्यांचा. पहिल्यांदा आईने ऐकलं तेव्हा ती वळली, आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पदर तोंडाला लावून आत गेली. पण चहा आला. चहात साखर जास्त होती.

आता मी गप्प बसणाऱ्यातला असतो तर बरं झालं असतं. मधेच माझं पण घालायचो. ते म्हणायचे "मासे कुठले आणलेस?" आणि मी पुढे जोडायचो, "आणि पोराला सिनेमाला सोड." अप्पा डोळे वटारायचे, मग खांदे हलवत हसायचे. गळ्याच्या भोकातून फुस्स फुस्स वारा यायचा, ते त्यांचं नवीन हसू. मला वाटायचं चाललंय, बरं चाललंय.

नोकरी सोडावी लागली. स्टँडवर निरोप ठेवला. ड्रायव्हर, कंडक्टर, हमाल, कँटीनवाले, सगळे जमले. नारळ झाला, शाल झाली, साहेब बोलले. मग कुणीतरी म्हणालं, आता उत्सवमूर्तींनी दोन शब्द बोलावेत. आणि लगेच जीभ चावली. पण अप्पांनी मला खूण केली. आम्ही दोघं माईकपाशी गेलो. त्यांनी ओठ हलवले आणि मी म्हणालो, "मंडळी, इतकी वर्षं मी गाड्या सोडल्या. आज मला सोडायला तुम्ही आलात."

काय सांगू! आवाज तोच, माईक तोच. एक म्हातारा कंडक्टर ढसाढसा रडायला लागला. अप्पा आणखी दोन वाक्यं बोलले, मी बोललो, आणि टाळ्या पडल्या. आणि मला टाळ्यांची नशा चढते. मी थांबलोच नाही. मी लांबलचक ‘पा’ लावला, "पाऽऽवसला जाणारी गाडी फलाट नंबर दोनवर लागत आहे. ड्रायव्हरसाहेबांनी कँटीनमधली भजी संपवून यावे. कंडक्टरने सुट्टे पैसे नाहीत असे म्हणू नये." लोक हसताहेत, पोटं धरताहेत, मी आणखी चढतोय. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, सगळे अप्पांकडे बघत होते. मीही बघितलं.

त्यांचं तोंड बंद होतं. ओठ घट्ट मिटलेले. गळ्यावर मलमल, अंगावर शाल, हातात नारळ, आणि त्यांच्याच आवाजात कुणीतरी भलतंच बोलतंय आणि अख्खा स्टँड त्यांच्याकडे बघून हसतोय.

रागावले नाहीत. घरी आल्यावर माळ्यावरून दादाची शाळेतली पाटी काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि पेन्सिल शोधून त्यावर लिहिलं, "पाणी." माझ्याकडे नाही, आईकडे धरली. त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी ओठ हलवले नाहीत. आईशी स्वयंपाकघरात बोलायचे, मी आत गेलो की ओठ मिटायचे. मी पायावर डोकं ठेवलं, माफी मागितली. पाठीवर हात ठेवला त्यांनी. पण पाटी काही गेली नाही. तिच्यावर एका वेळी एक-दोनच शब्द लिहायचे. पाणी. गोळी. पंखा बंद. ज्या माणसाच्या आवाजावर गाड्या हलायच्या तो पाटीवर "पंखा बंद" लिहून बसायचा.

मीही बंद झालो. नकला बंद. कॉलेजात पोरं म्हणायची, "काय रे, तुझी पण पेटी काढली काय?" म्हणायची आणि मग ओशाळायची. घरात जेवताना ताट सरकवल्याचा तेवढा आवाज.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की अप्पांना त्यांचा आवाज परत द्यायचा. माझ्या तोंडातून नाही. माझं तोंड मधे नको. पेटीतून. त्यांनी स्वतः खुंटी फिरवायची, कळ दाबायची, आणि पेटीने बोलायचं. सगळं बोलणं नको, चार शब्द जमले तरी पुरे. आईला हाक. हो, नाही. आणि पावस.

पावस मी मुद्दाम निवडला. ‘स’ तर माझ्याकडे तयारच होता, तो नॉइजच. ‘प’ म्हणजे नुसती टिचकी. राहिला ‘आ’. ऑसिलेटरचा घुंऽऽ आणि माणसाचा ‘आ’ यांत फरक काय, हे मी रात्रंदिवस तोंड उघडून आरशात बघत होतो. गळ्यातून येतो तो सूर सगळ्याला एकच असतो. तोंड उघडं ठेवलं की ‘आ’, ओठ गोल केले की ‘ओ’, पसरले की ‘ई’. म्हणजे तोंड त्या सुरातला काही भाग अडवतं, काही सोडतं. पेटीत हे काम करणारा मॉड्यूल असतो, फिल्टर. मी दादाला लिहिलं, ‘नॉइजनंतर आता फिल्टर पाठव. गाणंबिणं नाही, अप्पांसाठी हवा आहे. फिल्टर म्हणजे तोंड.’

पुढच्या वर्षीचा पावसाळा सरता सरता फिल्टर आला. पावसचाच एक खलाशी घेऊन आला, लुंगीत गुंडाळून. चौथ्या खणात बसवला. रेडिओवाल्या काकांना मी सांगितलं, स्पीकरला गळा पाहिजे, आवाज अरुंद जागेतून आला पाहिजे. त्यांनी रॉकेल ओतायचं पत्र्याचं नरसाळं घेतलं, रुंद बाजूला तळहाताएवढा स्पीकर डकवला, म्हणजे आवाज नरसाळ्याच्या बारीक नळीतून बाहेर यायचा. काका म्हणाले, "गळा म्हणतोस तर हा घे गळा. वर तोंड तू बसव."

पण एका फिल्टरने माणूस होत नव्हता. वाव, वाव, वाव असं व्हायचं. मांजर जांभई देतं तसं. महिनाभर खुंट्या फिरवल्यावर कळलं, ‘आ’ला एक नाही, दोन जागा उघडाव्या लागतात. एक खाली, एक वर. म्हणजे दोन फिल्टर हवेत. खण तर चारच. दुसरा फिल्टर बसवायचा तर नॉइज काढायचा. नॉइज काढला तर पावसचा ‘स’ गेला. ‘स’ ठेवू की ‘आ’ ठेवू, यावर मी चार दिवस घालवले. शेवटी ठरवलं, ‘स’ जाऊ दे, आईला हाक मारायला तर ‘स’ लागत नाही. दादाला पत्र टाकलं. ‘दुसरा फिल्टर. लवकर. बाकी काही नको.’

मग वाट बघणं. रोज दुपारी मी ओटीवर पेटी लावून बसायचो, अप्पा आरामखुर्चीत. त्यांना मी सगळं सांगायचो, "अप्पा, हा ऑसिलेटर म्हणजे गळा. हा फिल्टर म्हणजे अर्धं तोंड. उरलेलं अर्धं बोटीवर आहे." ते मान हलवायचे.

थंडीचे दिवस होते. एका दुपारी फिल्टरची वायर काढून मी नुसता ऑसिलेटर लावला होता, सूर नीट आहे का बघायला. नरसाळ्यातून घुंऽऽ चाललेलं. मी आत पक्कड आणायला गेलो. आलो तर अप्पा खुर्चीतून उठून पेटीशी खाली बसलेले, ओणवे झालेले, आणि नरसाळ्याची नळी त्यांनी तोंडात धरलेली. तोंडाच्या एका कडेला. आणि ओठ हलत होते. इतक्या महिन्यांनी माझ्यासमोर ओठ हलत होते. शेळी ओरडावी तसं काहीतरी यें-यें-वें ऐकू आलं.

आणि मला हसू फुटलं. काय करू! गळ्याला मलमल, तोंडात रॉकेलचं नरसाळं आणि आतून शेळी. मी म्हटलं, "अहो अप्पा, रॉकेलचं आहे ते! माईक समजलात काय? उलट्या बाजूने पुकारताय!" वर भीतीही वाटली, ओलं तोंड, शॉक बसेल, म्हणून धावत जाऊन मी कळ बंद केली. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किती महिन्यांनी हसत होतो मी. अप्पांनी नळी तोंडातून काढली, माझ्याकडे बघितलं, आणि तेही हसले, फुस्स फुस्स. मग खुर्चीत जाऊन बसले. मी म्हटलं, "थांबा जरा. तोंड येतंय बोटीने."

त्यानंतर दहा-बारा दिवसांत त्यांची छाती भरली. गळ्याच्या भोकातून थंडी आत गेली, असं डॉक्टर म्हणाले. चार दिवस दवाखान्यात होते. शेवटी पाटीही धरवत नव्हती.

दादाला तार केली. तो भर समुद्रात होता, येऊ शकला नाही. अग्नी मी दिला.

तेरावं झालं, त्यानंतर पंधरा दिवसांनी दुसरा फिल्टर आला. एका अनोळखी खलाशाने दारात उभं राहून पार्सल दिलं, आईकडे बघितलं, कपाळाकडे बघितलं आणि चहाला न थांबता गेला. आत दादाची चिठ्ठी होती, तार मिळाल्यावर लिहिलेली. ‘दोन बंदरं शोधली, तिसऱ्यात मिळाला. महिनाभर आधी मिळाला असता तर अप्पा बोलले असते. माझ्यामुळे उशीर झाला. आईला काय तोंड दाखवू?’

मी नॉइज काढला आणि फिल्टर बसवला. कशाला, विचारू नका. दोन दिवस खुंट्या फिरवल्यावर ‘आ’ आला. खरंच आला, माणसाचा ‘आ’. त्याला मी लांब ओढलं, शेवटी थोडं खाली उतरवलं, अप्पा उतरवायचे तसं. आई भाजी चिरता चिरता बाहेर आली. थोडा वेळ ऐकत उभी राहिली.

"कोण आहे हा?" म्हणाली.

"अप्पा," मी म्हटलं.

"नाही रे," आई म्हणाली. रागाने नाही. शेजारच्या घरी कोण आलंय ते सांगावं तसं. आणि आत गेली.

मी फिल्टरच्या सगळ्या वायरी उपटल्या. दोन्ही फिल्टर बाजूला. ऑसिलेटर तेवढा सरळ नरसाळ्याला लावला, तो घुंऽऽ करत राहिला. मी पेटीवर डोकं टेकून बसलो. नरसाळं समोर होतं. आणि आपण नकलाकार माणूस, हाताला-तोंडाला खोड. अप्पांनी धरली होती तशी मी नळी तोंडाच्या कडेला धरली, तसाच ओणवा झालो आणि आवाज न करता तोंड उघडलं.

‘आ.’

ओठ गोल केले. ‘ओ.’ पसरले. ‘ई.’

मी नळी तोंडातून काढली. फिल्टर लागतच नव्हता. तोंडच फिल्टर. आणि अप्पांचं तोंड शाबूत होतं. जीभ, दात, ओठ, सगळं. फक्त गळा गेला होता, आणि गळा तर पेटीत पहिल्या दिवसापासून होता. दादाने आणला तेव्हापासून. मी वर्षभर बोटींवरून तोंडाचे तुकडे मागवत बसलो, आणि ज्यांच्यासाठी मागवत होतो ते तोंड रोज दुपारी माझ्यासमोर खुर्चीत बसून मान हलवत होतं. त्यांना ते कळलं होतं. जन्म माईकपुढे गेलेला माणूस तो. उठून, ओणवं होऊन त्यांनी मला करून दाखवलं, आणि मी म्हटलं, रॉकेलचं आहे.

मग मला दुसरं आठवलं. ते ओठ हलवत होते, म्हणजे काहीतरी बोलत होते. मी वाचलं नव्हतं, हसत होतो. पण माणसाचं तोंड एकदा बघितलं की माझ्या तोंडात राहतं, ते मी ठरवून करत नाही. आधी ओठ पसरले होते. मग जीभ वर गेली होती. मग ओठ मिटले, फुटले, गोल झाले, पुन्हा पसरले. मी नळी तोंडात धरून तसंच केलं. एकदा. शेळी. दुसऱ्यांदा सावकाश. तिसऱ्यांदा अप्पांच्या चालीने, शेवट थोडा उतरवून.

"एवढंच पुरे."

यंत्राचा आवाज, चिरका, नाकातला. अप्पांच्या आवाजासारखा अजिबात नाही. पण मागे भांडं पडलं. आई दारात उभी होती.

"हेच," आई म्हणाली. "हे तेच बोलले होते."

"तुला कसं माहीत?"

"मला त्याच दिवशी सांगितलंनी. आत येऊन. ओठांनीच." ती उंबऱ्यावर बसली. "म्हणाले, त्या भोंग्याने तोंड बोलतं, ‘एवढंच पुरे’ म्हटलं मी त्यात. मी म्हटलं मग सांगा की त्याला. तर पाटीवर लिहिलंनी. वाचून मी पुसलं."

"काय लिहिलं होतं?"

आईने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "‘आज पोरगा हसला. राहू दे.’ म्हणाले, त्याचं ते दुसरं येऊ दे, बसवू दे त्याला, मग दाखवतो. महिनाभराने काय बिघडतंय."

मी ऑसिलेटर बंद केला. आईने पडलेलं भांडं उचललं, सांडलेली भाजी वेचायला लागली. मीही खाली बसून वेचू लागलो. वालाच्या शेंगा होत्या, खाटेखाली लांबवर गेलेल्या.

"तू तरी सांगायचंस," मी म्हटलं.

"होय रे," आई म्हणाली. "मी तरी सांगायचं होतं." आणि मला एवढं कसंतरी झालं की मी हे का बोललो. ती महिनाभर हेच स्वतःला म्हणत बसली असणार, आणि मी ते तिला तिसऱ्या माणसासारखं मोठ्याने म्हणून दाखवलं.

राहिला दादा. त्याची ती चिठ्ठी मी शर्टाच्या खिशात घेऊन हिंडत होतो. माझ्यामुळे उशीर झाला. त्याला तसं वाटू दिलं असतं तर कुणाला कळणार होतं? आई काही लिहिणार नव्हती. समुद्रावर असलेल्या माणसाला काय, जे लिहू ते खरं. मी पत्राला बसलो. आधी नेहमीसारखं लिहिलं, ‘दादूस, तुझी टेलिफोनची कचेरी...’ आणि ते फाडलं. मग लिहिलं, ‘पार्सल मिळालं. उशीर झाल्याचं मनाला लावून घेऊ नको.’ तेही फाडलं. कारण दादा तेवढ्याने ऐकणारा नाही, तो लावून घेणारच.

शेवटी सगळं लिहिलं. निरोपाच्या दिवशी मी माईकवर काय केलं ते, जे त्याला कुणी कळवलं नव्हतं. पाटीचं. नरसाळ्याचं. मी काय म्हणून हसलो ते शब्द जसेच्या तसे. आणि शेवटी लिहिलं, ‘दुसरा फिल्टर लागत नव्हता. पहिलाही लागत नव्हता. तू पहिल्यांदा आणलास तेवढंच हवं होतं. तुझ्याकडून काहीही उशिरा आलेलं नाही. उशीर मी केला.’

पत्र आईला वाचून दाखवलं, माझ्या साध्या आवाजात. तिने ऐकलं आणि म्हणाली, "खाली लिही, आई बरी आहे. आणि त्याला म्हणावं, पुढच्या वेळी येताना काही आणू नको, नुसता ये."

ते मी खाली लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि पोस्टात टाकायला बाहेर पडलो.